पलीकडची लावणी

गजर साडेपाचचा लावला होता, पण लाडकी पावणेपाचलाच उठून बसली. बोईसरच्या त्या चाळीतल्या खोलीच्या पत्र्यावर पाऊस नुसता कोसळत होता. तिने चहा टाकला, दोन जुन्या साड्या पिशवीत कोंबल्या, तेवढ्यात चादर तोंडावर ओढत जिवल्याने विचारलं, "सुट्टी हाय ना आज? कुठं निघाली?"

"माहेरी."

जिवल्या ताडकन उठून बसला. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण जुलै महिन्यात बायको माहेरी निघालीय असं कधी घडलं नव्हतं.

"नदी?" त्याने विचारलं.

"पूल झाला."

"पूल झाला, रस्ता कुठं झाला? तुझा भाऊ बुधाच बोलत होता, पलीकडं भराव नाय टाकला अजून."

"उतरंन कशीतरी. तू चहा घे."

लाडकीचं माहेर काही परमुलखात नव्हतं. सासर बेटेगावजवळ, माहेर तिथून तासाभराच्या चालीवर. पण मध्ये नदी. उन्हाळ्यात दगडांवरून पाय टाकत पाच मिनिटांत पलीकडे जाता यायचं. जूनमध्ये पाणी आलं की दिवाळीपर्यंत पाडा तुटलाच. वळसा घालून जायचं तर दोन गाड्या बदलायच्या, आणि एवढं करूनही शेवटचा ओहोळ आडवा यायचाच. दीपिका, लाडकीची मुलगी, जन्मली ती भर पावसाळ्यात. तेव्हा महिन्याभराचं बाळ इरल्याखाली घेऊन लाडकी काठावर गेली होती आणि पलीकडे तिची आई, राहीबाई, येऊन उभी राहिली होती. पाण्याच्या आवाजात एकीचा शब्द दुसरीला कळेना. शेवटी लाडकीने बाळाला दोन्ही हातांवर उंच धरलं, आणि पलीकडे राहीबाईने तिथल्या तिथे दोन गिरक्या घेतल्या. आता ती दीपिका पालघरला कॉलेजात शिकत होती, आणि पूल या उन्हाळ्यात कुठे उभा राहिला होता.

त्यात चार दिवसांपूर्वी बुधाचा फोन आला होता. त्याच्या बायकोचा पाय घसरून मुरगळला होता, आणि भाताचं मोठं खाचर लावणीवाचून तसंच पडलं होतं. "आवण गुडघ्याला लागलं, बाय," तो म्हणाला होता. भाताची रोपं वाफ्यात वाढून चालली होती. आणखी आठवडा गेला असता तर लावून उपयोग नव्हता. लाडकीने त्याला काहीच सांगितलं नाही. मनात मात्र त्याच क्षणी ठरवून टाकलं.

सात वाजता ती स्टेशनवर आली. उमरोळीहून दीपाली येणार होती. दोघी एकाच औषधांच्या कारखान्यात, एकाच टेबलावर गोळ्यांची पाकिटं भरायच्या. डोक्यावर टोपी, तोंडावर मास्क, आणि त्या हॉलला एकही खिडकी नाही. बाहेर ऊन आहे की पाऊस, हे जेवणाच्या सुट्टीत गेटवरच्या माणसाचा रेनकोट बघून कळायचं. लाडकीने लावणीला जाणार म्हणून सांगितल्याबरोबर दीपाली म्हणाली होती, "मीपण येते. पाऊस बघून किती दिवस झाले!" तिचं माहेर किनाऱ्यावरच्या एडवणचं. वाडीत, केळी-नारळीत वाढलेली पोर. भात लावताना तिने लांबून पाहिलं होतं तेवढंच.

गाडीतून उतरली ती गुलाबी छत्री आणि एक बोचकं घेऊन.

"काय गो हे?"

"सुके बोंबील. आईने पाठवलेले. रिकाम्या हाताने कशी येऊ तुझ्या घरी?"

दोघी पादचारी पुलावर चढल्या. पुलाच्या छताला जिथे जिथे भोक होतं तिथे तिथे पाण्याची धार लागलेली, आणि येणारे-जाणारे त्या धारा चुकवत नागमोडी चालत होते. मध्यावर पोचल्यावर दीपाली थांबली. खालून मालगाडी जात होती, लांबच लांब, आणि तिच्या प्रत्येक डब्यात पावसाचं पाणी साचून हिंदकळत होतं.

"लाडके, बघ ना! डब्याडब्यात तलाव!"

मागून येणारा एक कामगार डब्याची पिशवी सांभाळत हसून म्हणाला, "दीदी, आगे चलो, छुट्टी सबकी नहीं है."

पूर्वेला बेटेगावपर्यंत रिक्षा मिळाली असती. रिक्षावाला हाकाही मारत होता. पण दीपालीने छत्री मिटली, बोचक्यात खोचली आणि म्हणाली, "भिजायलाच आलेय मी." मग काय, दोघी चालतच निघाल्या. रस्त्याच्या कडेने पाणी धो धो वाहत होतं. टपरीवर भजी तळणं चालू होतं, तिथे दोघींनी उभ्याउभ्या एकेक पुडा संपवला; भजी ओली व्हायच्या आत तोंडात जायला हवीत म्हणून जीभ भाजून घेतली. बेटेगावच्या अलीकडच्या मोरीवर पाचसहा बायका आणि बाप्ये वाकून उभे होते. मोरीच्या तोंडाशी कुणीतरी जाळं लावलेलं, आणि चढणीचे मासे त्यात उड्या मारून पडत होते. एक मासा जाळ्याबाहेर थेट रस्त्यावर आला. दीपालीने ओरडतच तो दोन्ही हातांनी पकडला, तो निसटला, पुन्हा पकडला, आणि ज्याचं जाळं होतं त्या म्हाताऱ्याच्या टोपलीत नेऊन टाकला.

"एडवणची हाय ती," लाडकीने त्याला सांगितलं. "मासा दिसला की तिला सुचत नाय काय."

म्हातारा हसला. "कुठं चालल्या पोरींनो?"

"खडकीपाड्याला. नव्या पुलावरनं."

"पाणी चढतंय. दुपारच्या आत परता."

डांबरी रस्ता सुटला आणि पायवाट लागली. दोन्हीकडे हिरवंगार, डोंगराच्या अंगावरून पांढऱ्या धारा उतरलेल्या. लाडकी आता जवळजवळ पळत होती. दीपाली मागून ओरडत होती, "अगो, थांब जरा!" पण लाडकीला नदीचा आवाज आला होता. तो आवाज तिने एकोणीस वर्षं याच काठावरून ऐकला होता, आणि दर वेळी तो ऐकून ती मागे फिरली होती.

पूल दिसला. कठडे नुकतेच रंगवलेले, वर चिखलाचा एक ठिपकाही नाही. खाली लाल, गढूळ पाणी ओंडके वाहून नेत होतं. लाडकीने चपला हातात घेतल्या. तिला वाटलं होतं, आपण पळत पलीकडे जाऊ. पण पुलावर पाय ठेवला आणि ती सावकाश चालायला लागली. नदी अशी वरून तिने कधी पाहिलीच नव्हती. तो मोठा काळा दगड, ज्यावर लहानपणी धुणं धुवायची, तो पाण्याखाली होता. नुसता भोवरा फिरत होता त्या जागी.

"हिकडं माझा एक डूल पडला होता," ती म्हणाली. "आणि तिकडं बुधा बुडता बुडता वाचला." बोट दाखवत, बोलत ती पूल संपेपर्यंत आली, आणि तिथे पूल खरोखरच संपला. सिमेंट एकदम तुटलेलं. खाली पुरुषभर खोल खड्डा, त्यात पोटरीएवढा चिखल, आणि त्याच्या पलीकडे जमीन.

"आता गो?" दीपाली म्हणाली.

लाडकीने दोन्ही हात तोंडाशी नेऊन हाक मारली. "बुधाऽऽ! ए बुधाऽऽ!"

पहिल्या हाकेला कुणी आलं नाही. दुसऱ्या हाकेला झाडीतून बुधा धावत आला, डोक्यावर प्लास्टिकची घोंगती, गुडघ्यापर्यंत चिखल. बहिणीला पुलाच्या टोकावर उभी बघून तो जागच्या जागी थबकला.

"बाय? तू कशी काय?"

"चालत आली. बघत काय बसला? खाली उतरव आमाला!"

बुधाने माघारी धाव घेतली आणि कुडाला लावलेली बांबूची शिडी खांद्यावर घालून आला. चिखलावर दोन फळ्या टाकल्या, शिडी उभी केली, आणि स्वतः तिच्या बुडाशी पाय रोवून उभा राहिला. लाडकी साडीचा काष्टा मारून सरसर उतरली. दीपाली मात्र पहिल्या पायरीवरच अडकली. शिडी हलायची, ती डोळे मिटायची.

"डोळे उघड, मग पाय दिसंल!" लाडकी खालून ओरडली.

"पाय दिसला की खड्डाबी दिसतो!"

अशी ती एक एक पायरी करत उतरली, आणि शेवटच्या पायरीवरून घसरून थेट चिखलात बसली. बुधाला हसू आवरेना. दीपालीने चेहऱ्यावरचा चिखल पुसला आणि बोचकं उंच धरून म्हणाली, "बोंबील सुके हायत!"

राहीबाई खाचरातच होती. सत्तरीची बाई, एकटीच वाकून लावत होती. सकाळपासून दोन ओळी झाल्या होत्या. पावलांचा आवाज आला तेव्हा तिने मान वर केली, कपाळावर हात धरून पाहिलं, आणि पुन्हा वाकली. मग एकदम सरळ झाली.

"लाडकी गं?"

"होय आये."

"पावसाची?"

"पावसाची आली."

राहीबाईने लेकीला मिठी वगैरे मारली नाही. तिने ओल्या हाताने लाडकीचं मनगट धरलं, घट्ट. मग दुसऱ्या हातातली रोपांची जुडी लाडकीच्या हातात दिली. "धर. त्या टोकाकडनं ये."

लाडकी खाचरात उतरली. कोमट, लोण्यासारखा चिखल पोटऱ्यांपर्यंत आला आणि तिच्या अंगावर शहारा उठला. बोटांनी तीन-चार रोपांचा चूड सोडवायचा, अंगठ्याने चिखलात दाबायचा, एक पाऊल मागे यायचं. पहिल्या दहा-बारा चुडांना हात अडखळला. त्यानंतर बोटांना आपोआप आठवलं. कारखान्यात दिवसाला हजारो पाकिटं भरणारी तीच बोटं आता अशी चालायला लागली की बुधा जुड्या टाकता टाकता मागे पडला.

दीपालीने लावलेली रोपं मात्र एकेक करून पाण्यावर तरंगायला लागली.

"मुळं खाली, शेंडा वर," राहीबाई गंभीरपणे म्हणाली.

"तेवढं कळतं मावशी!"

"मग हे काय?" राहीबाईने एक तरंगतं रोप उचलून दाखवलं. ते खरंच उलटं होतं. तिघीही इतक्या हसल्या की लाडकीला बांधावर बसावं लागलं. तासाभराने दीपालीचीही ओळ उभी राहिली. वाकडी होती, पण उभी होती. पाऊस मध्येच थांबायचा, डोंगरावर धुकं उतरायचं, बगळे अगदी चार हातांवर येऊन उभे राहायचे. पुन्हा सर आली की राहीबाई गाणं धरायची आणि लाडकी मागून ओढायची. ते गाणं आपल्याला अजून येतं, याचंच लाडकीला नवल वाटलं.

दुपारी घरी नागलीची भाकरी, खेकड्याचा रस्सा आणि चुलीत भाजलेले एडवणचे बोंबील. बुधाची बायको पाय पसरून बसल्याबसल्या वाढत होती आणि राहून राहून म्हणत होती, "पावसात पाहुणे! आमच्याकडं!" शेजारपाजारच्या चार बायका नुसत्या बघायला येऊन गेल्या.

तीन वाजता मोठं खाचर पुरं झालं. पण पावसाने जोर धरला होता. बुधा नदीवर जाऊन आला. "पाणी पुलाला नाय लागलं, पण खड्डा भरतोय. निघायचं तर आता निघा, नायतर र्‍हावा."

दुसऱ्या दिवशी दोघींनाही सकाळची पाळी होती. लाडकीने पिशवी उचलली. राहीबाई खुंटीवरचं लुगडं प्लास्टिकच्या पिशवीत घालत होती.

"आये, तू कुठं?"

"तुज्याकडं."

"आज?"

"मग कदी? दिवाळीत?" म्हातारी पिशवीला गाठ मारत म्हणाली. "पावसाचं लेकीचं घर मी बघितलंच नाय. खाचर झालं. सून बसून रांधते. मी आली तर काय अडतंय?"

बुधा नको नको म्हणत राहिला. शिडी ओली आहे, वय झालंय, पाणी वाढतंय. राहीबाईने ऐकून घेतलं आणि त्याच्या पुढे चालायला लागली.

खड्ड्यात आता मांडीभर पाणी होतं. दीपाली आधी चढली, या वेळी डोळे उघडे ठेवून. मग राहीबाई. बुधाने खालून शिडी धरली, लाडकी तिच्या मागोमाग, एकेक पायरी, हात आईच्या टाचेजवळ. मध्यावर राहीबाईचा पाय सटकला. पण म्हातारीने बांबूला मगरमिठी मारली होती. "काय नाय, काय नाय," ती म्हणाली, श्वास घेतला आणि पुढचा पाय टाकला. वरून दीपालीने दोन्ही हातांनी तिला ओढून घेतलं.

पुलाच्या मध्यावर आल्यावर राहीबाई कठड्याला धरून उभी राहिली. खालचं लाल पाणी बघत राहिली. तोंडावर पाऊस येत होता, पण तिने तो पुसला नाही.

"किती बारकी हाय गं," ती म्हणाली.

"काय?"

"नदी. काठावरनं केवढी वाटायची."

मग तिने पदर खोचला आणि निघाली. पायात चपला नाहीत, पिशवी डोक्यावर, आणि चाल अशी की दोघी तरुण पोरी मागे राहिल्या. बेटेगावला पोचेपर्यंत तिचे प्रश्न थांबले नाहीत: तुमच्या खोलीत पाणी गळतं का, शेजारी कोण राहतं, तिथे कुठली भाजी मिळते, जिवल्याला अजून खेकडे आवडतात का. रिक्षात बसल्यावर तिने बाहेर हात काढून पाऊस तळव्यावर घेतला आणि रिक्षावाल्याला सांगितलं, "हळू घे रं, पावसाची लेकीकडं पहिल्यांदा चालली मी."

दार उघडलं तेव्हा जिवल्याच्या समोर चिखलाने माखलेल्या तीन बायका उभ्या होत्या. तो काही बोलायच्या आधीच सासूने विचारलं, "चहा टाकतोस का मी टाकू?"

राहीबाई तीन दिवस राहिली. चौथ्या दिवशी सकाळी पाऊस ओसरला तेव्हा तीच म्हणाली, लहान खाचर राहिलंय, निघायला हवं.