पक्षी टांगण्याचा नियम

डॉक्टरांनी उजवं मनगट टेबलाच्या कडेवर घट्ट दाबून धरलं आणि ढोलवाल्याच्या तुटक्या नाकावर सिमेंटचा थेंब ठेवला. थेंब नाकावर न बसता गालावर बसला. त्यांनी तो कापसाने पुसला, श्वास रोखून दुसरा ठेवला, तो मात्र जागच्या जागी गेला. ढोलवाला म्हणजे बोटभर उंचीचा चिनी मातीचा शिपाई. गेल्या नाताळात तो झाडावरून पडला होता आणि तेव्हापासून खोक्यात बिननाकाचा राहत होता. चाळीसहून जास्त वर्षं लोकांचे दात भरलेल्या माणसाला एवढ्याशा नाकाला पाच मिनिटं पुरायला हवी होती. आज पाऊण तास गेला.

हॉलमधून नातीने ओरडून विचारलं, पेशंटला कधी सोडताय? डॉक्टरांनी सांगितलं, सिमेंट वाळू दे, दोन तास पेशंटला काही खायला द्यायचं नाही.

या घरात झाडावरची वस्तू तुटली म्हणून कधी फेकली गेली नाही. परीच्या पंखात फिलिंग होतं, हरणाच्या एका शिंगावर दाढेला बसवतात तशी कॅप होती, आणि पितळी घंटेचा लोलक हिरडी शिवायच्या दोऱ्याने बांधलेला होता. नऊ वर्षांच्या नातीने या सगळ्यांचे केसपेपर एका वहीत लिहून ठेवले होते. हरणापुढे तिने 'गोड कमी खाणे' असा सल्लाही लिहिला होता.

नाताळचं झाड हा डॉक्टरांचा जन्मभराचा जीव की प्राण, आणि त्यांनी ते कधी लपवलं नाही. चार वर्षांचे असताना ते झाडाखाली झोपायला गेले आणि सकाळी केसांत डिंक अडकला म्हणून टक्कल करावं लागलं, ही गोष्ट ते शौर्यकथेसारखी सांगत. दर डिसेंबरात रोपवाटिकेत जाऊन ते फांद्या बाजूला करून आत डोकावून बघत, अगदी पेशंटला 'आ करा' म्हटल्यासारखं. फट असलेलं झाड ते मुद्दाम घेत. सगळे दात सारखे असलेल्या माणसावर आपला विश्वास बसत नाही, म्हणत. प्लॅस्टिकच्या झाडाला त्यांचा एकच शब्द होता, कवळी.

झाड सजवायचं ते चोवीस तारखेला दुपारी. आधी दिवे, मग मोठे गोळे, मग दुरुस्त झालेले पेशंट, आणि सगळ्यात शेवटी पक्षी. हा पक्षी डॉक्टरांच्या आईचा. काच इतकी पातळ की हातात धरली तर बोटाचा रंग दिसावा, शेपटी काचेच्याच तंतूंची, पायाशी छोटा चिमटा. तो लावताना पडदे ओढायचे, दिवे बंद ठेवायचे, सगळ्यांनी गप्प राहायचं. स्टुलावर चढून एकाच झटक्यात चिमटा शेंड्याजवळच्या फांदीला लावायचा. तो लागला की दिवे लागत आणि घरात नाताळ येई. चव्वेचाळीस वर्षं तो मान डॉक्टरांचा होता. त्यांच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, तो त्यांना दिला तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते आणि दवाखान्याची पाटी नुकतीच लागली होती. 'हात स्थिर आहे तुझा,' अण्णा म्हणाले होते. डॉक्टरांना आयुष्यात पुष्कळ शाबासक्या मिळाल्या, पण ही त्यांनी जपून ठेवली होती.

आणि आता तो हात थरथरत होता.

काळजीचं काही नाही, वयाने होतं कुणाकुणाला, असं तपासणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. मार्चमध्ये त्यांनी दवाखाना लेकीच्या हवाली केला. गुडघे उभं राहू देत नाहीत, असं सगळ्यांना सांगितलं. गुडघे ठणठणीत होते. लोकांत असले की ते हात खिशात घालत, त्यामुळे अलीकडे आजोबा फार रुबाबात चालतात, असं नातीचं मत झालं होतं. त्यांना थरथरीची भीती नव्हती. ज्या नजरेने लोक 'बिचारे' म्हणतात ती नजर आपल्याच घरात, आपल्याच झाडाखाली बघायला लागेल, याची होती. नाताळच्या दुपारी स्टुलावर चढलेला आपण आणि फरशीवर आईच्या पक्ष्याचा चुरा, हे चित्र महिनाभर डोळ्यांसमोरून हलत नव्हतं.

पण हातावर हात ठेवून बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. अवघड दाढेचा जसा आराखडा करायचा तसा त्यांनी याचा केला, आणि उपाय एकच निघाला. घरात एक जुना नियम आहे असं सांगायचं. सत्तरीला पक्षी पुढच्या माणसाकडे जातो, बस. नियमापुढे कुणी कीव करत नाही.

उपायात एकच खोट होती, ती म्हणजे अक्का. अक्का त्यांची मोठी बहीण, वय अठ्ठ्याहत्तर. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासलेली. लग्नपत्रिकासुद्धा ती हातात पेन घेऊनच वाचायची, आणि औषधाच्या बाटलीवरची चूक दाखवायला एकदा दुकानात परत गेली होती. या घरात पूर्वी कोणते नियम होते आणि कोणते नव्हते, हे जगात आता फक्त तिलाच ठाऊक होतं. तिला आधी विश्वासात घ्यावं, असं डॉक्टरांच्या मनात तीनदा आलं. तीनदा त्यांनी फोन उचलला आणि तब्येतीची चौकशी करून ठेवून दिला.

चार वाजता अक्का आली, चष्मा पुसत खुर्चीत बसली, आणि झाड यंदा डावीकडे कलल्याचं तिने पहिल्या मिनिटाला सांगितलं. जावयांनी, जे गणिताचे मास्तर होते, कुंडीखाली पुठ्ठ्याची घडी सारली. लेक खालच्या दवाखान्यातून शेवटचा पेशंट आटोपून वर आली. दिव्यांची माळ गुंतली, सुटली. गोळे लागले. ढोलवाला नव्या नाकासह खालच्या फांदीवर उभा राहिला, आणि नातीने वहीत 'घरी सोडले' अशी नोंद केली. डॉक्टर खिशात हात घालून हुकूम सोडत होते. आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता.

मग पडदे ओढले गेले. खोलीत मळकट उजेड उरला. पक्ष्याचं खोकं टेबलावर होतं आणि सगळे डॉक्टरांकडे बघत होते.

"यंदा पक्षी मी लावणार नाही," डॉक्टर म्हणाले. "आपल्या घरचा नियम आहे. सत्तरी लागली की तो पुढच्या माणसाकडे जातो. आता तो हिचा."

त्यांनी मानेनेच लेकीकडे खूण केली. घेणाऱ्याने तो स्वतः खोक्यातून उचलायचा, हेही त्यांनी जाता जाता नियमात घातलं.

लेकीने खोक्याकडे पाहिलं. बोलले ते जावई. त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला होता, आणि त्यांचा हेतू अजिबात वाईट नव्हता.

"पण बाबा, सत्तरावं गेल्या वर्षीच लागलं होतं तुम्हाला. तेव्हा तर तुम्हीच लावलात."

डॉक्टरांचे खिशातले हात घामाने ओले झाले. अक्काने चष्मा नाकावर नीट बसवला, आणि तो ती कधी बसवते हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं.

"'लागली की' नव्हे," अक्का म्हणाली. "'पूर्ण झाली की'. हा नेहमी अर्धवट ऐकतो. नियम सत्तर पूर्ण झाल्यावरचा आहे."

जावयांनी मान डोलावली, म्हणजे मग बरोबर जुळतं. डॉक्टरांचा जीव भांड्यात पडला. लेक आत जाऊन हात धुऊन आली आणि पेशंटकडे जाण्यापूर्वी पुसते तसे एकेक बोट पुसत राहिली. मग तिने खोकं उघडलं, पक्षी उचलला, स्टुलावर चढली. चिमटा लागल्याचा टिक असा आवाज आला. नातीने बटण दाबलं. पक्ष्याच्या पोटातून लाल आणि पिवळा उजेड आरपार गेला, आणि डॉक्टरांना इतका आनंद झाला की त्यांना स्वतःचंच नवल वाटलं. लागला होता चांगला. जरा उजवीकडे, पण चांगला.

रिकामी खोकी ठेवायला ते मागच्या खोलीत गेले तेव्हा अक्का झाकणं घेऊन मागोमाग आली. डॉक्टरांनी दार लोटलं.

"उपकार झाले तुझे. आयुष्यात पहिल्यांदा एक चूक सोडलीस."

"मी चूक सोडत नाही," अक्का म्हणाली. "अण्णांना सत्तर वर्षं पूर्ण झाली त्याच वर्षी त्यांनी तुला पक्षी दिला. मोजून बघ."

"ते माझा हात बघून दिला त्यांनी."

अक्का पलंगाच्या कडेवर बसली आणि झाकणं मांडीवर सारखी करत राहिली.

"तुझा हात कोण बघणार होतं? दोन पेशंट होते तुझे तेव्हा, त्यातली एक मी. अण्णा पाट्या रंगवायचे ते का सोडलं त्यांनी?"

"डोळे गेले म्हणून."

"डोळे शेवटपर्यंत उत्तम होते त्यांचे. पेपरातली चूक माझ्याआधी सापडायची त्यांना. ब्रश धरवत नव्हता. सहा महिने चहा बशीत ओतून, बशी टेबलावरच ठेवून, वाकून पीत होते. कुणाला कळू द्यायचं नाही अशी मला शपथ घातली होती." तिने वरचं झाकण उलटं करून ठेवलं. "तुला कळायची भीती नव्हतीच. तू तेव्हा स्वतःचाच हात बघत होतास."

हे तिने रागाने म्हटलं नाही. मुद्रितातली चूक दाखवावी तसं फक्त जागेवर बोट ठेवलं. डॉक्टर खोक्यांच्या चळतीला टेकून उभे राहिले. त्या सहा महिन्यांत ते रोज अण्णांच्या समोर बसून चहा प्यायले होते, दवाखान्याच्या गप्पा मारल्या होत्या, आणि बशीवर वाकलेला म्हातारा त्यांना एकदाही दिसला नव्हता. त्यांना अण्णांची फार आठवण आली, आणि स्वतःची फार लाज वाटली.

"मग ते हात स्थिर आहे म्हणाले ते?" त्यांनी विचारलं.

"तो होताच की स्थिर," अक्का म्हणाली. "खोटं कशाला बोलतील? चल, चहा झाला असेल."

हॉलमध्ये पडदे अजून ओढलेलेच होते आणि झाडाच्या उजेडात सगळ्यांचे चेहरे जरा बरे दिसत होते. लेक ट्रे घेऊन आली. तिने अक्काला कप दिला, नवऱ्याला दिला, आणि मग बाबांच्या खुर्चीशेजारच्या टेबलावर त्यांचा कप ठेवला. अक्काचा काठोकाठ होता. जावयांचाही काठोकाठ, इतका की त्यांनी उभ्यानेच एक घोट घेऊन तो कमी केला.

डॉक्टरांचा कप अर्धाच भरलेला होता.

ते कपाकडे बघत राहिले. काल सकाळचा आठवून बघितला, परवाचा, मग उन्हाळ्यातला. भरलेला कप आपल्याला शेवटचा कधी मिळाला, हे त्यांना आठवेना. लेक नातीच्या वहीतला केसपेपर वाचत होती आणि मुद्दाम इकडे बघत नव्हती.

डॉक्टरांनी दोन्ही हात खिशातून बाहेर काढले आणि सगळ्यांच्या देखत कप उचलला. बशी खडखडली. नातीने वर पाहिलं आणि पुन्हा वहीत डोकं घातलं. त्यांनी चहा सावकाश संपवला, एक थेंब सदऱ्यावर पडला तो पडू दिला, आणि रिकामा कप लेकीपुढे धरला.

"आता उरलेला अर्धा दे," ते म्हणाले.