तेवढं ते हे कर

“अगं, ते हे लाव जरा.”

खोलीत काकांखेरीज कोणीच नव्हतं. कपाटावरची बोलकी डबी लुकलुकली आणि बातम्या देणाऱ्या बाईच्या आवाजात म्हणाली, “क्षमस्व, मला आपली विनंती समजली नाही.”

“अगं, हे काय वर लटकलंय ते! पंखा!”

“पंखा म्हणजे हवा खेळती ठेवणारे उपकरण,” डबीने माहिती पुरवली.

काका उठले आणि बटण दाबून आले.

काका टर्नर होते. सगळा जन्म लेथ मशीनपुढे गेला. तिथल्या घरघरीत कोणी वाक्य पुरं करायच्या भानगडीत पडत नसे, कारण त्याचा शेवट कोणाला ऐकूच जात नसे. हनुवटीने दाखवायचं, “ते” म्हणायचं, “तसलं नको, हे” म्हणायचं, काम होऊन जायचं. निवृत्तीच्या दिवशी काका कारखान्यातून घड्याळ आणि ही भाषा घेऊन घरी आले. घड्याळ लवकरच बंद पडलं. भाषा टिकली. इमारतीतली पोरं त्यांना ‘ते-हे काका’ म्हणत, आणि पोरांची बोलायची पद्धत सुधारत चालली आहे असं काकांचं मत होतं.

काकूंना मात्र सगळं कळायचं. “ते” म्हणजे चष्मा, “ते हे” म्हणजे पंखा, नुसतं “अं” म्हणजे चहा. उभ्या संसारात काकांनी त्यांना “अगं” सोडून दुसरी हाक मारली नव्हती.

लेकीचं बाळंतपण निघालं आणि काकूंना तीन महिने जाणं भाग पडलं. त्यांचा पाय घरातून निघेना. तेव्हा परगावच्या मुलाने ही डबी आणून बसवली. वडील दुसरी कुठली हाक मारतील ही आशा त्याला नव्हती, म्हणून “अगं” म्हटलं की ती जागी होईल अशीच सोय करून दिली.

“आई, तू निर्धास्त जा. हिला आता मराठी येतं.”

“हिला येत असेल रे,” काकू म्हणाल्या, “ह्यांना कुठे येतं?”

पहिल्याच आठवड्यात त्याची प्रचिती आली. काकांनी “ते कुठे गेलं, डोळ्याला लावायचं?” असं विचारलं, तर डबी डोळ्यांच्या डॉक्टरांचे पत्ते वाचत सुटली. चष्मा शेवटी चपलांच्या कपाटावर सापडला. फोनचं तर विचारूच नका.

“अगं, हिला लाव.”

“‘ही’ या नावाचा क्रमांक सापडला नाही.”

काकूंचा नंबर मुलाने ‘आई’ म्हणून घातला होता. काकांनी नाइलाजाने तसं सांगितलं.

“आपल्या आईला फोन लावत आहे.”

“माझी नाही गं बाई, त्याची!” काका ओरडले. तोवर फोन लागला होता.

“कोणाची आई?” पलीकडून काकूंनी विचारलं. “आणि ही गं बाई कोण?”

काका पेटले. लोखंडाला वळण लावणारा माणूस जिभेला लावणार नाही? रोज सकाळी डबीपुढे ताठ बसून ते सराव करू लागले. “बैठकीच्या खोलीतील पंखा सुरू कर.” पंखा फिरला की काका टाळी वाजवत. हळूहळू ती भाषा जिन्यातही उतरली. खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंना ते एकदा म्हणाले, “नमस्कार. आज हवेत उकाडा आहे.” नर्सबाईंनी पिशवी खाली ठेवली आणि आधी त्यांची नाडी बघितली.

काकू फोनवर दर वेळी विचारायच्या, “माझ्यावाचून अडतंय का हो काही?”

बायकोला घोर नको म्हणून काका खणखणीत सांगायचे, “माझं काहीही अडत नाही. सर्व व्यवस्थित आहे.”

काकू मग गप्प व्हायच्या. त्यांची काळजी मिटली असं काकांना वाटायचं. बिचारे काका.

काकू परतल्या त्या दिवशी काकांनी स्वतः दार उघडलं. “ये. तुझा प्रवास कसा झाला?”

काकूंनी मागे वळून जिन्यात बघितलं. दुसरं कोणी आलं नव्हतं.

“मला एक कप चहा दे,” काका पुढे म्हणाले. “साखर कमी घाल.”

चाळीस वर्षं साखर कमी घालणाऱ्या काकू आत गेल्या. चहा आणून समोर ठेवला.

“धन्यवाद,” काका म्हणाले.

“आपले स्वागत आहे,” डबी म्हणाली.

काकू खुर्चीवर टेकल्या. तिकडे तीन महिने त्यांना एकच घोर होता, आपल्यावाचून ह्यांचं कसं होत असेल. तो घोर आता फुकट गेला होता. पदराचं टोक डोळ्यांकडे गेलं. “धन्यवाद म्हणताय मला? परकी झाले का हो मी?”

काका घाबरले. तीन महिन्यांत घोटलेली सगळी वाक्यं त्यांनी मनात चाळून पाहिली. दिव्याची होती, पंख्याची होती, हवामानाची होती. ह्या प्रसंगाचं एकही नव्हतं.

“अगं…” ते म्हणाले.

डबी लगेच लुकलुकली. काकूंनी तिच्याकडे बघितलं, मग काकांकडे. आपली हाकसुद्धा कोणी घेतली आहे हे त्यांना आत्ता कळलं.

काकांनाही कळलं. हनुवटी कपाटाच्या दिशेने जेमतेम हलली.

“अगं, तेवढं ते हे कर ना.”

“क्षमस्व,” डबी म्हणाली, “मला आपली विनंती—”

काकू उठल्या होत्या. त्यांनी भिंतीतला प्लग उपसला, वायर गुंडाळून डबी खणात टाकली आणि परत येऊन बसल्या.

काकांनी वर्तमानपत्र पुढे ओढलं, खिसा चाचपला, मग दुसरा चाचपला.

“चपलांच्या कपाटावर,” काकू म्हणाल्या.