हार घालायचा फोटो

बाबा गेले त्याच्या चौथ्या दिवशी आईने हार घालायला त्यांचा फोटो मागितला, आणि माझ्याकडे तो नव्हता.

म्हणजे फोटो ढिगाने होते. मी कॉम्प्युटर उघडून एकेक बघत गेले. बाबांचे हात, जाळं शिवताना. बाबांची पाठ, मोरा बंदराच्या धक्क्यावर. बाबांची सावली. बाबांच्या चपला. एका फोटोत खिडकीजवळ अर्धा गाल होता आणि बाकी सगळा अंधार.

गोदूआत्या माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. "अगो, याला तोंड कुठं हाय? एवढा मोठा कॅमेरा घेतलास, आनि माज्या भावाचं तोंड नाय काढलास?"

तिला काय सांगणार, कप्पाळ! दोन हजार अकरा साल होतं ते, आणि दोन वर्षं मी नेटवर बघून बघून फोटो काढायला शिकत होते. ऑफिसातून आले की फ्लिकर ही फोटोंची साइट उघडायची. पोर्तुगालचा एक म्हातारा तिकडच्या कोळ्यांचे फोटो टाकायचा. खाली शटर किती, अ‍ॅपर्चर किती, सगळं लिहिलेलं असायचं. मी ते वहीत उतरवून घ्यायचे. त्याच्या फोटोत कोणीही कॅमेऱ्याकडे बघायचं नाही. मग मीही ठरवून टाकलं, कॅमेऱ्याकडे बघणारा माणूस म्हणजे इलेक्शन कार्ड. नाकाने कांदे सोलायची सवयच लागली होती मला.

बाबा जन्मभर मोरा बंदरातल्या लाँचवर कामाला होते. गुडघे गेले तसं मी त्यांना आणि आईला पनवेलला माझ्याकडे आणलं. त्यांना फोटोची भारी हौस. नवा शर्ट घालून, केसांना तेल चोपडून समोर उभे राहायचे, दोन्ही हात सरळ खाली.

"निशा, एक सरल काढ गो. तोंडाचा."

"बाबा, तसले फोटो तो बुधाजी काढतो, निळा पडदा लावून. माझ्याकडे बघू नका हो. खिडकीकडे बघा. मी इथे नाहीच असं समजा."

ते बिचारे खिडकीकडे बघायचे आणि मी हातांचा फोटो काढायचे. एकदा मी टाकलेल्या फोटोखाली त्या पोर्तुगालच्या म्हाताऱ्याने लिहिलं, 'सुंदर हात'. आठवडाभर माझे पाय जमिनीवर नव्हते. बाबांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "त्याला म्हनावं, तोंड पन हाय मला." तेव्हा आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो.

आता ते आठवूनही मला काही होत नव्हतं. लोक येत होते, बसत होते, जात होते. "पोर सुन्न झालीय, तिला नका बोलू," असं आई कोणाला तरी म्हणाली, तर मला वाटलं, दुसऱ्याच कोणाबद्दल चाललंय. रडूसुद्धा येत नव्हतं, आणि त्याचंही काही वाटत नव्हतं.

शेवटी बाबांचं इलेक्शन कार्ड घेऊन एसटी स्टँडमागच्या बुधाजीच्या स्टुडिओत गेले. कार्डावरचं तोंड म्हणजे नुसता काळा डाग.

"काका, हे मोठं करून मिळेल का?"

बुधाजीने चष्मा कपाळावर नेला. "हे काशिराम ना, लाँचवरचे? गेले? अरे देवा!" मग कार्ड बाजूला ठेवून तो कॉम्प्युटरवर काहीतरी शोधायला लागला. "हे कार्ड कशाला? फोटो आहे माझ्याकडे. दिवाळीनंतर आले होते. प्रिंट न्यायला आलेच नाहीत. म्हणाले होते, मी सांगेन तेव्हा पोरगी येऊन नेईल, पन आत्ताच तिला कळवू नका, चिडेल. तुम्हीच का ती?"

मी मान हलवली.

"पण आधीच सांगतो हां, फोटो काही धड आला नाही. डोकं खाल्लं माझं. किती वेळा म्हटलं, इकडे बघा, कॅमेऱ्यात बघा. छे! म्हणे, माजी पोरगी शिकलीय फोटो काढायला, ती सांगते कॅमेऱ्याकडं बघायचं नसतं. मला विचारतात, खिडकी कुठाय? आता स्टुडिओत कुठली आली खिडकी? बसले त्या कपाटाकडे बघत."

त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. मागे निळा पडदा. नवा शर्ट, चोपडलेलं तेल. तोंड पूर्ण दिसत होतं, अगदी स्वच्छ, आणि डोळे बाजूला.

"दुसरा काढलाय का?"

"तीन काढले. तिन्ही तसेच."

तेराव्याला तोच लावला. आईने हार घातला, हळदकुंकवाची बोटं टेकवली आणि बाजूला झाली. गोदूआत्या फोटोसमोर उभी राहिली, मग डावीकडे सरकली, मग उजवीकडे.

"हा बगतो कुठं गो?"

"खिडकीकडे," मी म्हटलं. "मीच सांगितलं होतं त्यांना." आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदा मी, आत्याला घट्ट धरून, मोठमोठ्याने रडले.