नववा कप्पा

मित्रांनो, जळगावच्या एका छोट्या ऑफिसात जिन्याखाली धूळ खात पडलेला जुना संगणक मी. पुण्याहून एस.टी.ने आलो, तेव्हा मालक रतिलालभाऊंनी रस्ताभर मला मांडीवर धरलं होतं. आल्यावर हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. तेवढा मान पुढे कधी मिळाला नाही.

मग काम लागलं. इथे बनणारे प्रोग्राम मी तपासायचो. प्रत्येक तपासणीचा वेगळा कप्पा असे आणि त्याचं नाव 'टेस्ट'नेच सुरू व्हावं, असा नियम होता. तशाच नावाचे कप्पे मी उघडायचो. बाकीचे मुकाट सोडून द्यायचो. तेच ते करून थकायचो, पण हुकमाबाहेर जात नव्हतो.

एकदा अमळनेरच्या एका दवाखान्यासाठी प्रोग्राम झाला. बाळाचं वजन घातलं की औषधाचा डोस सांगणारा. फ्लॉपी दुपारच्या गाडीने जायची होती. तो लिहिणाऱ्या मगनने तपासणी लावली. मी लिहिलं, 'आठ तपासले. सर्व ठीक.'

"कुंदाअक्का, बठ्ठं ठीक शे! पाठवू?"

कुंदाताई चार महिन्यांचं बाळ सासूबाईंजवळ ठेवून कामाला येत. प्रत्येक गोष्ट दोनदा बघत. मगन हसायचा, "अक्का, तुम्ही तर कुलूप लावूनही चारदा ओढता!"

"थांबा मगनभाऊ. कप्पे नऊ होते ना?"

नववा तान्ह्या बाळांचा होता. मगनने त्याला नाव दिलं होतं 'श्रीटेस्ट'.

"नवं काम श्री घातल्याशिवाय कसं सुरू करायचं, अक्का?"

"देवाला हात जोडा, भाऊ. नाव मात्र नियमानंच ठेवा."

नाव बदललं. मी तो कप्पा उघडला. साडेचार किलोचं बाळ प्रोग्रामने पंचेचाळीस किलोचं धरलं होतं. डोस दहापट.

कुंदाताईंनी पदराने कपाळ पुसलं आणि फ्लॉपी स्वतःच्या पर्समध्ये टाकली. त्या दिवशी ती गेली नाही. संध्याकाळपर्यंत त्यांनी मला नवा हुकूम शिकवला: वेगळं नाव दिसलं की पुढे जायचंच नाही. थांबायचं, ओरडायचं.

मग मी वर्षानुवर्षं थांबलो, ओरडलो. "म्हातारा फार कटकट करतो," असं ऐकलं. नवा संगणक आला. आता माझ्यावर चपला ठेवतात.

त्या उचला, असंही मी म्हणत नाही. फक्त कोणी 'सर्व ठीक' म्हणालं, तर काय बघायचं राहिलं तेवढं विचारा. त्या दिवशी मी खोटं बोललो नव्हतो, मित्रांनो. न उघडलेल्या कप्प्यात एक बाळ होतं, एवढंच.