गुरुशांतप्पांचा उजवा हात

चिटगुप्प्याच्या बाजारात गुरुशांतप्पांच्या जिभेवर कुणाचा भरवसा नव्हता, आणि त्यात बाजाराची काही चूक नव्हती. भजी दिसली की हा माणूस पाघळायचा. पण अठ्ठ्याऐंशी साली गुलबर्ग्याच्या डॉक्टरांनी रक्तात चरबी वाढल्याचं सांगितलं, एक गोळी आणि एक पूड अशी दोन औषधं दिली, आणि अप्पा एकदम सुधारले. तीन महिने तेल-तूप बंद. मी शेजारचा मास्तर, सगळं डोळ्यांनी पाहिलेलं.

तरी तपासणीत आकडा म्हणावा तसा उतरला नाही.

झालं! नवरा चोरून खातोय, असं जगदेवी अक्कांनी ठरवूनच टाकलं. संध्याकाळी अप्पा दुकानातून आले की त्या त्यांचा उजवा हात नाकाशी नेऊन हुंगायच्या. चाळीस वर्षांच्या संसारानंतर! अप्पा मुकाट्यानं हात पुढं करायचे आणि खाली बघायचे. मला फार वाईट वाटायचं.

"मास्तर," एकदा ते म्हणाले, "खोटं बोलत व्हतो तवा घरी पटायचं. आता खरं बोलायलोय, तर घरचंच माणूस ऐकंना."

पुढच्या खेपेला मीही सोबत गेलो. डॉक्टर कागद बघून म्हणाले, "तिसरं औषध वाढवावं लागेल असं दिसतंय. पण औषधं वाढली की त्यांचा त्रासही वाढतो. आधी सांगा, घेता कसं?"

अप्पांच्या आधी अक्काच बोलल्या. "ह्यांच्या तोंडात लिंगपूजेबिगर पाण्याचा थेंब जात न्हाई, सायेब. म्हून मी गोळी कुटून पुडीतच कालवते. सकाळची पूजा झाली की लिंगाला दाखवून एकच गिलास देते. एकाच रोगाची औषधं, दोनदा कामून?"

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला आणि हसायलाच लागले. "अक्का, ही पूड पोटातलं पित्त धरून ठेवते, म्हणून चरबी उतरते. पण सोबत गोळी आली की ती गोळीलाही धरते. गोळी अंगी लागणार कशी? गोळी सकाळच्या पूजेनंतर द्या, पूड संध्याकाळच्या. तीन महिन्यांनी परत रक्त बघू. तिसरं औषध आत्ता नको."

अक्का पदराशी चाळा करत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "म्हंजी, हे खरंच बोलायले व्हते. चुकलं माझं."

परतताना हुमनाबादला बस थांबली. ढाब्यावरच्या भज्यांचा वास थेट खिडकीतून आत. अप्पा समोरच्या सीटकडे टक लावून बसलेले.

"जावा, च्या पिऊन या," अक्का म्हणाल्या. "एकलेच जावा. मास्तर बसतेत हितं."

दहा मिनिटांनी अप्पा परतले, बसले आणि सवयीनं उजवा हात पुढं केला. "नुसता च्याच पिलो, बघ."

"मी इचारलं का?" अक्का म्हणाल्या. त्यांनी तो हात मांडीवर ओढून घेतला आणि चिटगुप्पा येईपर्यंत सोडला नाही.