अर्धशिशीची शक्यता कमी

त्या दिवशी आई लवकर उठली, न्हाली आणि मंडईत जाऊन इतका मटार घेऊन आली की पिशवीचा एक बंद जिन्यातच तुटला. तिचे बरे दिवस असे ओळखू यायचे. बऱ्या दिवसांत आमच्याकडे दोघींना खपणार नाही इतकी भाजी असायची.

दुपारी आम्ही वर्तमानपत्र पसरून मटार सोलायला बसलो. शेजारी समर्थने बंगळूरहून पाठवलेले दोन खोके होते. समर्थ माझा धाकटा भाऊ. त्याच्या ऑफिसात सगळ्यांनी डीएनए तपासून घेतला होता, आणि आपण मूळचे कोकणातले की देशावरचे हा वाद त्याला एकदाचा मिटवायचा होता. आरोग्याचा अहवाल त्याच्यासोबतच मिळणार होता. नळीत थुंकायचं, झाकण लावायचं, दुसऱ्या दिवशी कुरिअरवाला येऊन घेऊन जाणार.

"थुंकायचे पैसे घेतात?" आई म्हणाली. "मंडईबाहेर माणसं फुकट थुंकतात."

"आधी अर्धा तास काही खायचं नाही हं."

"नाही खात बाई."

आणि तिने दोन दाणे तोंडात टाकले. अर्धा तास पुन्हा पहिल्यापासून. थोड्या वेळाने पुन्हा तेच. शेवटी मी परात माझ्याकडे ओढून घेतली, तेव्हा ती म्हणाली, "पूर्णिमा, हा मटार माझा आहे, थुंकीही माझीच आहे, मग हुकूम तुझा कसा काय?" नळी भरताना तिला इतकं हसू येत होतं की मला भिंतीकडे तोंड करून बसावं लागलं.

मग मोबाइलवरची प्रश्नावली. मी वाचत होते, ती शेंगा सोलता सोलता उत्तरं देत होती. मधुमेह? नाही. रक्तदाब? "आहे. मुलांमुळे, असंही लिही." तुम्हाला किंवा जवळच्या नातेवाइकांना नैराश्य किंवा इतर मानसिक आजार?

तिने हातातली शेंग उघडली, दाणे परातीत सोडले, टरफल बाजूला ठेवलं.

"नाही दाब," ती म्हणाली.

मी दाबलं. पुढचा प्रश्न अर्धशिशीचा होता. त्याला तिने लगेच हो म्हटलं. कधीतरी की वारंवार? "वारंवार." माझ्या प्रश्नावलीतही मानसिक आजाराच्या प्रश्नाला आम्ही 'नाही'च दाबलं. रात्री मटारभात केला, उरलेले दाणे पिशव्यांत भरून फ्रीजरमध्ये टाकले आणि झोपलो.

अर्धशिशी हा शब्द आमच्या घरात आजीने आणला. मी लहान असताना आई पहिल्यांदा आडवी झाली ती महिनाभर उठली नाही. सून झोपून असते, असं चारचौघांत सांगण्यापेक्षा सुनेला अर्धशिशी आहे, हे सांगणं सोपं होतं. वर्षातून एकदा-दोनदा तरी तिचे तसे दिवस यायचे. मग खोलीचे पडदे ओढायचे, रेडिओ बंद, कुकरऐवजी पातेल्यात भात आणि सगळ्यांनी दबक्या आवाजात बोलायचं. मी आठवीत असताना एका दुपारी आई मला लकडी पुलापलीकडे एका दवाखान्यात घेऊन गेली. दारावरची पाटी मी वाचली आणि मी ती वाचली हे तिने पाहिलं. "घरी अर्धशिशीचे डॉक्टर म्हणायचं," ती म्हणाली. येताना उसाचा रस पाजला. समर्थ तेव्हा पहिलीत होता. पुढे तो शिकायला बाहेर गेला तो गेलाच. आजी गेली, मागोमाग बाबाही गेले. ज्यांच्यासाठी तो शब्द घरात आला होता त्यांतलं कुणी उरलं नाही, तरी आम्ही दोघी तोच वापरत राहिलो. डॉक्टरांकडे जाताना आई मला सांगायची, "अर्धशिशीच्या गोळ्या संपल्यात." आणि मी म्हणायचे, "चल, जाऊन येऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली नाही. आदल्या दिवशीच्या हसण्यानंतर मला ते अगदीच अनपेक्षित नव्हतं. तिचे दिवस कधी कधी असेच उलटायचे. मी दारातून बघितलं. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी पडदे नीट ओढले, दार लोटलं आणि स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज न करता माझ्यापुरता चहा केला. कुरिअरवाला येणार होता. त्याने बेल वाजवू नये म्हणून मी दार उघडं ठेवून जिन्यातच उभी राहिले. दोन्ही खोके दिले, सही केली. तो नाव विचारायला लागला तेव्हा ओठांवर बोट ठेवलं. जेवणाच्या वेळेला तिला उठवायला गेले.

डॉक्टर म्हणाले, हृदय. झोपेत, बहुधा पहाटेच. त्रास झाला नसणार.

दिवसकार्य झालं, समर्थ परत गेला. मी नारायण पेठेतल्या एका प्रकाशकाची मुद्रितं तपासते, घरी बसूनच. त्यामुळे मी किती वाजता उठते हे बघणारं कुणी नाही. मार्चमध्ये मी दुपारपर्यंत पडून राहायला लागले. पुस्तकाचा एक गठ्ठा टेबलावर आला तसाच होता. आयुष्यभर हाताला मिळेल ते वाचत आले. आता एक परिच्छेद संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरायला व्हायचं. शेजारच्या कल्याणीकाकू डबा देताना म्हणायच्या, "आई गेल्यावर असंच होतं गं. वेळ जाऊ दे." मला ते खरं वाटायचं, आणि नाहीही. दुःख आणि ते दुसरं, बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. अंथरूण तेच, पडदे तेच. यांतलं माझं कुठलं, हे विचारायचं तर ज्या एकाच माणसाला विचारता आलं असतं ते माणूस नव्हतं.

अशात अहवाल आले. दोन्ही माझ्याच ईमेलवर, कारण आईचं खातं मीच उघडलं होतं. "नमस्कार शालन! स्वतःला नव्याने ओळखण्याचा तुमचा प्रवास आता सुरू होत आहे." तिचाच आधी उघडला. पूर्वजांचं पान ओलांडून थेट आरोग्याकडे गेले. हिरव्या, पिवळ्या, लाल पट्ट्या होत्या. नैराश्य: शक्यता सरासरी. पिवळी पट्टी. मग माझा उघडला. नैराश्य: शक्यता सरासरी. तीच पट्टी, तोच पिवळा.

लाल असती तर मी घाबरले असते, पण मला ती हवी होती, हे तेव्हा कळलं. कुणीतरी, एखाद्या यंत्राने का होईना, बघून सांगायला हवं होतं की ती जे सोसत होती ते खरंच होतं. तिची इच्छाशक्ती कमी नव्हती, ती आळशी नव्हती. मी पुन्हा तिच्या अहवालाकडे वळले. खाली एक हिरवी पट्टी होती. अर्धशिशी: शक्यता कमी.

मी हसले. घरात आवाज झाला म्हणून दचकलेही.

संध्याकाळी समर्थचा फोन आला. त्यालाही अहवाल पाठवले होते.

"ताई, चुकीचे रिपोर्ट आहेत हे."

"कशावरून?"

"आईचं मायग्रेन लो दाखवतंय! आईचं! अर्धं लहानपण मी मोजे घालून घरात फिरलोय, पावलांचा आवाज नको म्हणून. सॅम्पल बदललं असणार त्यांनी. एक काउन्सेलिंग कॉल फ्री असतो, तू घे आणि झाड त्यांना."

त्याला खरंच माहीत नव्हतं. मोजे घालून फिरणारा तो पोरगा पस्तिशीला आला तरी अर्धशिशीवर विश्वास ठेवून होता. त्याच क्षणी सांगता आलं असतं. पण आईने त्याच्यापासून जपलेली गोष्ट होती ती, आणि माझ्या तोंडातून फक्त "बरं, करते फोन" एवढंच आलं. फोन ठेवल्यावर घर आणखी मोठं वाटायला लागलं.

दोन दिवसांनी दुपारी, आईच्या खात्यावरून मागितलेला कंपनीचा कॉल आला. मी आईच्या पलंगावर होते. हल्ली तिथेच असते.

"मी स्वराली बोलतेय, जेनेटिक काउन्सेलर. शालन मॅम का?"

"त्या नाहीत. मी मुलगी, पूर्णिमा."

"ओके, मॅम कधी अव्हेलेबल असतील?"

"त्या गेल्या. जानेवारीत."

मग पलीकडून एकदम वेगळ्या आवाजात, "सॉरी, ताई. मला खरंच माहीत नव्हतं. आपण नंतर बोलू या का?"

"नको. मला विचारायचंय. सरासरी म्हणजे काय?"

तिने नीट समजावलं. मूड, झोप, नैराश्य अशा गोष्टी एका जीनवर ठरत नाहीत. शेकडो जीन्सचा थोडा थोडा वाटा असतो, बाकी आयुष्याचा. सरासरी आलं म्हणजे होणार नाही, असं नाही; जास्त आलं म्हणजे होईलच, असंही नाही. कुणाला आजार होता की नव्हता, हे हा रिपोर्ट सांगू शकत नाही.

"मग कोण सांगणार?"

"आत्ताचं निदान डॉक्टर करतील. पण शक्यतेचं म्हणाल, तर या रिपोर्टपेक्षा तुमच्या घरातलेच लोक जास्त सांगतील. फॅमिली हिस्टरी. म्हणजे आईवडिलांना, भावंडांना काही होतं का. तुमच्या दोघींच्या फॉर्मवर त्या जागी 'नाही' आहे. म्हणून विचारते, ते बरोबर आहे ना?"

परातीत दाणे पडल्याचा आवाज मला आठवला. पडदे ओढलेलेच होते.

मी काहीतरी बोलले.

"ताई, आवाज येत नाहीये. जरा मोठ्याने बोलता का?"

मी दबक्या आवाजात बोलत होते. त्या खोलीत मी दुसऱ्या आवाजात कधी बोललेच नव्हते. मी उठून बसले.

"बरोबर नाहीये ते," मी मोठ्याने म्हणाले. "माझ्या आईला अर्धशिशी नव्हती. नैराश्य होतं. खूप वर्षं होतं, आणि मला माहीत होतं. आणि आता मला वाटतं, मलाही आहे."