बारा मीटर पूर्वेला

“अर्पिता, एकाच गावावर किती येळ लावून राह्यलीस? संध्याकाळी फाइल द्यायची हाय,” सोमेश्वर सर मागे येऊन उभे राहिले.

जुन्या गावनकाशांची स्कॅन केलेली चित्रं उपग्रहाच्या चित्रावर बसवायची, हे नवीन जालन्यातल्या कचेरीत अर्पिताचं नऊ वर्षांचं कंत्राटी काम. दोन्हींची मोजमापाची पद्धत वेगळी. एकीतून दुसरीत आणताना कोणतं गणित लावायचं ते सॉफ्टवेअर दर वेळी विचारतं. सरांनी घाईत यादीतला पहिलाच पर्याय दाबून अख्खा तालुका उरकला होता.

“सर, सगळे बांध बारा मीटर पूर्वेला सरकलेत. ही आमची विहीर बघा, शेजारच्या अंगदकाकांच्या रानात गेली. आन् आम्हाला काय, तर पलीकडचा ओढा!”

“मंग एकशेचाळीस गावं पुन्हा करायची का? मोजणीवाले जाग्यावर बराबर करून घेतील.”

जागेवर कोण काय बघतं, हे तिला चांगलं माहीत होतं. पण मार्चमध्ये तिचा नोकरीचा करार संपत होता. तिने ‘तपासले’ दाबलं आणि नकाशाखाली तिचं नाव उमटलं. आपण भित्र्या आहोत, हे तिला त्याच क्षणी कळलं.

दोन महिन्यांनी ती गावी गेली, तेव्हा रानात चुन्याची रेघ मारून झाली होती. विहीर रेघेपलीकडे. मोजणीवाले चहा पिऊन निघून गेले होते. अंगदकाकाच ओशाळून उभे होते.

“रामकिसनभाऊ, ही विहीर खांदताना दगडं उचलू लागायला मी आल्तो. मला न्हाई पटत हे.”

“तुला पटून काय करायचं? आमच्या अर्पितानं बनवलेला नकाशा हाय,” तिचे वडील, आबा, छाती काढून म्हणाले. “खाली नाव हाय तिचं. चुकायचा न्हाई.”

अर्पिताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने आबांना बाजूला घेतलं.

“आबा, नकाशा चुकलाय. मला ठाऊक व्हतं.”

“तवा काहून न्हाई बोललीस?”

“बोलले व्हते. एकदा.”

आबा एक पाऊल पुढे आले. तिला वाटलं, आता हात उचलतील. उचलला असता तर बरं झालं असतं.

“आता गप ऱ्हाय,” ते हळूच म्हणाले. “घरची विहीर गेली तवा पोरीला चूक दिसली, म्हन्तील लोक. बाकीच्या गावायला काय तोंड दाखवशील?”

“पण आबा, मी लिहून देते ना...”

“द्यायचं तर समद्या गावायचं दे. आपल्या एकट्याचं न्हाई.”

एकशेचाळीस गावांचं लिहून द्यायचं म्हणजे नोकरीवर पाणी सोडायचं, आणि तिची मान काही हलली नाही. आबांनी ते पाहिलं.

ते चपला काढून विहिरीच्या कठड्यावर चढले. अंगदकाका “राहू द्या, भाऊ, राहू द्या” म्हणत मागे आले, त्यांच्याकडे आबांनी बघितलंही नाही.

“मोटार माझी हाय. तेवढी नेतो,” ते म्हणाले. मग विहिरीतल्या मोटारीला बांधलेल्या दोराचं टोक अर्पिताकडे फेकलं. “वढ.”

ती ओढू लागली.